कुंडी बदलली आणि झाडानं मान टाकली

जुलै उजाडला की सोमवार-मंगळवारी माझा फोन हमखास वाजतो. रविवारी नर्सरीतून झाड आणलेलं असतं, त्याच संध्याकाळी हौसेनं नव्या कुंडीत लावलेलं असतं आणि आता त्यानं मान टाकलेली असते. यंदा आमच्या इंदूरच्याच सुदामानगरची माझी भाची होती. “मावशी, पीस लिली पार आडवी झालीय गं. सकाळपासून तीनदा पाणी घातलं तरी उठत नाही.”

“आधी तो तांब्या खाली ठेव,” मी म्हटलं.

मी काही माळी नाही. रामबागेतल्या जुन्या घराच्या गच्चीवर आणि आता फ्लॅटच्या गॅलरीत मिळून पस्तीसेक वर्षं झाडं लावतेय, एवढंच. या काळात कुंडी बदलल्यावर माझी जी झाडं गेली, त्यांतली बरीचशी मी नंतर केलेल्या सेवेनं गेली. म्हणून पहिल्यांदाच कुंडी बदलणाऱ्यांसाठी हे लिहितेय. यात काय करायचं ते आहेच, पण काय करायचं नाही ते जास्त आहे.

झाड मलूल का होतं

झाड पाणी पितं ते मुख्यतः मुळांच्या टोकांजवळच्या बारीक लवेनं. शाळेच्या पुस्तकात ‘मूलरोम’ म्हणून वाचलेलं आठवत असेल. झाड कुंडीतून उपसताना, मुळांभोवतीचा मातीचा गोळा मोकळा करताना ही लव तुटते. वर पानं मात्र तेवढीच असतात आणि हवेत पाणी सोडतच राहतात. पगार निम्म्यावर आला आणि खर्च तोच राहिला, तशी गत.

म्हणजे कुंडीत पाणी असतं, पण ते ओढायला तोंडं कमी पडतात. अशा वेळी वरून आणखी पाणी ओतलं की मातीतली हवा निघून जाते. नवी लव फुटायला ती हवाच लागते. ती मिळाली नाही की मुळं कुजायला लागतात, झाड आणखी लोळतं, आणि आपल्याला वाटतं अजून तहानलेलंय. या फेऱ्यात मी एक चांगलं कमरेएवढं फायकस घालवलं आहे.

पहिली पायरी: पहाटे बघा, मग काडी घाला

दुपारी चार वाजता झाडाकडे बघून काही ठरवू नका. रात्री पानांतून पाणी फार कमी उडतं, तेवढ्या वेळात उरलेली मुळं हिशेब भरून काढतात. म्हणून सकाळी सहा-साडेसहाला बघा. पहाटे झाड ताठ आणि दुपारी मलूल असेल, तर तो साधा धक्का आहे. त्याला वेळ हवा, बाकी काही नको. पहाटेही मान खाली असेल, तर माती तपासायची.

त्यासाठी माझं हत्यार म्हणजे उदबत्तीची काडी. मसाला भिजवून खरवडून टाका, बांबूची काडी धुऊन वाळवा. अशा दोन काड्या घ्या. एक कुंडीच्या काठाजवळ, नव्या मातीत खोचा आणि दुसरी खोडाजवळ, नर्सरीतून आलेल्या जुन्या गोळ्यात. बळजबरी न करता जाईल तितकी खोल जाऊ द्या. दहा मिनिटांनी काढून बोटांत धरा. ओल असेल तर काडी गडद आणि गार लागते, मातीचे कणही चिकटून येतात.

दोन काड्या का, ते भाचीच्या लिलीनंच दाखवलं. मी गृहीत धरलं होतं की पाणी फार झालं. काठाजवळची काडी ओलीचिंब आली, पण खोडाजवळची खडखडीत कोरडी! तिचं झाड नारळाच्या भुश्यात, म्हणजे कोकोपीटमध्ये, वाढवलेलं होतं. कोकोपीट एकदा पूर्ण वाळलं की पाणी झटकून टाकतं. तिन्ही वेळचं पाणी गोळ्याला वळसा घालून काठानं खाली गेलं आणि मुळं कोरडीच राहिली. तांब्या खाली ठेवायला सांगितलं ते ठीक, पण मी धरलेलं कारण चुकीचं होतं.

असं असेल तर वरून पाणी घालून भागत नाही. एका टबात कुंडीच्या तिसऱ्या हिश्शाएवढं पाणी घ्या आणि कुंडी त्यात अर्धा तास बसवा. भोकातून पाणी वर चढतं. वरची माती ओलसर दिसली की कुंडी बाहेर काढून पूर्ण निथळू द्या. गोळा फारच आवळलेला असेल तर आधी त्याच काडीनं खोडापासून जरा दूर चार-पाच भोकं पाडा. भाचीची लिली संध्याकाळपर्यंत उभी होती. बाहेरची दोन पानं पिवळी होऊन गेली, तेवढ्यावर निभावलं. पीस लिली मुळातच नाटकी. तहान लागली की मेल्यासारखी पडते आणि पाणी मिळालं की काही तासांत उठते. तिच्यावरून बाकीच्या झाडांचा अंदाज बांधू नका.

दोन्ही काड्या कोरड्या आल्या तर सरळ पाणी घाला. दोन्ही ओल्या आणि पहाटेही झाड ताठ, तर हात लावू नका. दोन्ही ओल्या, पहाटेही मान खाली आणि मातीला कुबट वास, तर मुळं कुजताहेत. त्याचं पुढे सांगते.

दुसरी पायरी: जागा ठरवा आणि मग हलवू नका

आजारी माणसाला उन्हात बसवतात तसं मलूल झाड गच्चीवर नेऊन ठेवण्याचा मोह होतो. ऊन लागलं की पानांचा खर्च आणखी वाढतो. अंधाऱ्या न्हाणीघरात ठेवलं तरी उपयोग नाही, कारण नवी मुळं फुटायला लागणारं अन्न पानं उजेडातच करतात. उजेड पुरेसा आहे का, ते दुपारी बघायचं. झाडाच्या जागी पांढरा कागद धरा, वर हात धरा. हाताची सावली कडक, रेखीव पडली तर ऊन जास्त. पुसट कडांची पडली तर जागा बरोबर. सावलीच दिसली नाही तर उजेड कमी. पूर्वेची किंवा उत्तरेची खिडकी बहुतेक घरांत चालून जाते.

पंख्याखाली किंवा एसीच्या झोतात ठेवू नका. कूलरची गोष्ट थोडी वेगळी. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे दुपारची हवा इतकी कोरडी होते की कूलर लावलेल्या खोलीतली दमट हवा झाडाला मानवते. फक्त झोत थेट पानांवर येता कामा नये. खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात ठेवा.

एकदा ठेवलं की रोज इकडून तिकडे नको. विशेषतः लहान पानांचं फायकस जागा बदलली म्हणूनसुद्धा पानं गाळतं. खोड नखानं हलकेच खरवडून बघा. आतून हिरवं असेल तर जिवंत आहे, पानांच्या सड्याकडे दुर्लक्ष करा.

तिसरी पायरी: पाणी मोजून

कुंडी बदलल्यावर एकदा खालून निथळेपर्यंत पाणी दिलेलं असतंच. त्यानंतर वरची माती बोटाच्या पहिल्या पेराएवढी कोरडी झाली, तरच पुढचं. ‘एक दिवसाआड’ हे वेळापत्रक नळाला येणाऱ्या नर्मदेच्या पाण्याचं, झाडाचं नव्हे. आमच्याकडे पुष्कळ घरांत नळ आला की झाडांना पाणी, अशी सवयच पडून गेली आहे.

कुंडी उचलून बघायची सवय मात्र लावून घ्या. पाणी दिल्यावर किती जड लागते आणि चार दिवसांनी किती हलकी, हे हाताला आठवडाभरात कळायला लागतं. मग काडीचीही गरज उरत नाही.

नर्मदाकाठच्या जलूदहून सत्तर किलोमीटर वर चढवून आणलेलं नर्मदेचं पाणी झाडांना चांगलं चालतं. बादलीत भरून रात्रभर ठेवलं की त्याचं तापमान घरातल्या हवेइतकं होतं. बोअरचं पाणी जड असतं, कुंडीच्या काठावर पांढरे थर धरतात ते त्याच्यातल्या क्षारांचे. दुखावलेल्या मुळांसाठी पहिले दोन-तीन आठवडे तरी ते टाळा. पावसाळ्यात पागोळीखाली एक बादली ठेवा, त्यासारखं पाणी नाही. खालच्या ताटलीत साचलेलं पाणी अर्ध्या तासात ओतून टाका.

स्नेक प्लांट, झेडझेड, जेड आणि कोरफड या मंडळींना हे लागू नाही. त्यांच्या कंदात, खोडात किंवा पानांत पाणी साठलेलं असतं. कुंडी बदलल्यावर आठवडाभर त्यांना पाणीच देऊ नका. मुळांना झालेल्या जखमा कोरड्या हवेत भरून येतात, ओल्या मातीत सडतात.

चौथी पायरी: साडीच्या पिशवीचा तंबू

मुळांकडून आवक वाढवणं आपल्या हातात नाही, पण पानांचा खर्च कमी करता येतो. नव्या साडीवर येते तशी मोठी पारदर्शक पिशवी घ्या. कुंडीत तीन काड्या उभ्या रोवा आणि पिशवी त्यांच्यावरून सोडा, म्हणजे ती पानांना चिकटणार नाही. वर चार-सहा भोकं पाडा, रोज सकाळी पंधरा-वीस मिनिटं पिशवी काढून हवा खेळू द्या. आतल्या दमट हवेत पानं निवांत राहतात. पण उन्हात हा तंबू ठेवला तर आत झाड उकडून निघेल, हे विसरू नका. पाच-सात दिवसांनी भोकं मोठी करत न्या आणि दहाव्या दिवसाच्या सुमारास पिशवी काढून टाका.

पातळ पानांच्या झाडांना, म्हणजे कॅलेथिया, फर्न, सिंगोनियम यांना, हा उपाय फार मानवतो. वर सांगितलेल्या स्नेक प्लांट मंडळींना चुकूनही तंबू नको. आणि पावसाळ्यात हवाच दमट असते, तेव्हा बहुतेक वेळा याची गरज पडत नाही. स्प्रेनं पानांवर पाणी मारल्याचा परिणाम काही मिनिटं टिकतो. मनाला बरं वाटतं म्हणून मारा हवं तर.

खत? अजिबात नको

झाड खचलंय म्हणून त्याला टॉनिक द्यावंसं वाटणं साहजिक आहे. पण खत म्हणजे शेवटी क्षारच. मातीतल्या पाण्यात क्षार वाढले की मुळांना पाणी ओढणं आणखी अवघड होतं. लव तुटलेल्या मुळांना तर ते पोळतातच. नवं पान पूर्ण उमलेपर्यंत खत बंद, म्हणजे साधारण चार ते सहा आठवडे. त्यानंतरही पहिली मात्रा पाकिटावर लिहिल्याच्या निम्मी.

या बाबतीत इंदूरकरांनी तरी घाई करू नये. कंपोस्ट करण्याची जी रीत जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते, ती इथलीच. ब्रिटिश शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इथल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत ती बसवली. आजचं कृषी महाविद्यालय त्याच जागी आहे. काडीकचरा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर, बेताची ओल, ठरावीक दिवसांनी ढीग उलथणं आणि सुमारे तीन महिने धीर. आपल्या गॅलरीतल्या ओल्या कचऱ्याच्या डब्यातलं खत दीड महिन्यात काळं दिसतं आणि आपल्याला वाटतं, झालं. हात घातल्यावर कोमट लागत असेल, आंबूस वास येत असेल, भाजीची देठं ओळखू येत असतील, तर ते कच्चं आहे. असलं खत कुंडीतही कुजत राहतं आणि मुळांच्या वाट्याची हवा खातं. मी असल्या खतानं दोन जास्वंदी पिवळ्या करून घेतल्या होत्या.

चहापत्तीचंही तेच. आपला चहा साखर-दुधाचा; त्याचा चोथा न धुता कुंडीत गेला की बुरशी आणि चिलटं. ताक, साखरेचं पाणी, ॲस्पिरिनची गोळी, सगळ्या सल्ल्यांना हसून मान डोलवा आणि काही करू नका.

पानं-फुलं किती काढायची

पूर्ण पिवळं किंवा तपकिरी पान काढा. अर्धं हिरवं असेल तर राहू द्या, ते अजून कमावतं आहे. ‘मुळं कमी झाली म्हणून वरूनही निम्मं छाटा’ हा सल्ला जुन्या माळ्यांकडून हमखास मिळतो. घरातल्या झाडांना तो मी देत नाही, कारण नवी मुळं फुटण्याचा निरोप कोवळ्या शेंड्यांकडूनच खाली जातो. फुलं आणि कळ्या मात्र निर्दयपणे काढा. अँथुरियमचं लाल फूल कापताना जीव कासावीस होतो, पण झाडाची ताकद तिकडे जायला नको. तुळशीच्या मंजिऱ्याही खुडा.

किती दिवस थांबायचं

मनी प्लांट, सिंगोनियम, पीस लिली आठवड्या-दोन आठवड्यांत सावरतात. रबर प्लांट आणि फायकससारखी लाकडी खोडाची झाडं महिना-दीड महिना घेतात. अरेका पामला मुळांची छेडछाड मुळीच खपत नाही. त्याची टोकं महिना-दोन महिने वाळत राहिली तरी मधला भाला, म्हणजे न उमललेलं कोवळं पान, हिरवा असेल तर काळजी नको. स्नेक प्लांट तर दोन महिने काहीच केलं नाही असं दाखवतं आणि मग एक दिवस शेजारून कोंब काढतं.

या काळात मुळं धरली का, हे बघायला झाड उपसू नका. हे लिहायची गरज आहे, कारण लोक उपसतात. पहाटेचा ताठपणा दुपारी जास्त वेळ टिकायला लागला, शेंड्याला नवी पालवी दिसली, कुंडी पूर्वीपेक्षा लवकर हलकी होऊ लागली, तर झाडानं जीव धरला. मग हळूहळू, तीन-चार दिवसांच्या टप्प्यांनी, त्याला नेहमीच्या उजेडात न्या.

मुळं कुजलीच असतील तर

मग मात्र उपसावंच लागतं. कुंडी आडवी करून झाड बाहेर काढा, सैल माती झाडा, मुळं नळाच्या हलक्या धारेखाली धुवा. चांगलं मूळ पांढरट किंवा फिकट तपकिरी आणि टणक असतं. कुजलेलं काळपट, लिबलिबीत, आणि ओढलं तर साल हातात येऊन आत दोऱ्यासारखा धागा उरतो. कात्री स्पिरिटनं पुसून घ्या आणि कुजलेलं सगळं कापा. निम्म्याहून अधिक मुळं गेली, तर इथे मात्र पानंही थोडी कमी करावी लागतात. तासभर सावलीत सुकू द्या आणि उरलेल्या मुळांना जेमतेम पुरेल अशा लहान कुंडीत, नव्या कोरडसर मिश्रणात लावा. जुनी माती दुसऱ्या कुंडीत वापरू नका.

आणि त्याच वेळी विमा उतरवून ठेवा. मनी प्लांट, सिंगोनियम, फिलोडेंड्रॉन असेल तर एक पेर असलेली फांदी कापून पाण्याच्या बाटलीत ठेवा. मूळ झाड गेलं तरी वंश राहतो.

पुढच्या वेळी कुंडी बदलताना

नवशिके सर्वांत आधी चुकतात ती कुंडीच्या आकारात. सहा इंचीतून आठ इंचीत जा. ‘परत परत कटकट नको’ म्हणून सहावरून एकदम बारावर गेलात, तर त्याच घडणीच्या कुंडीत आठपट माती बसते. तेवढ्या मातीतलं पाणी प्यायला मुळंच नसतात आणि ती दिवसेंदिवस ओली राहते.

मग माती. आपली माळव्याची काळी माती कापसाला, सोयाबीनला सोनं असेल, पण कुंडीत ती वैरीण. भिजली की फुगते, वाळली की आकसते आणि भेगा पडतात. त्या भेगांबरोबर कोवळी मुळं ताणून तुटतात. वापरायचीच तर एकूण मिश्रणाच्या पाव हिश्शाहून जास्त नको. मी घरातल्या झाडांना दोन भाग धुतलेलं कोकोपीट, एक भाग गांडूळखत, एक भाग परलाइट (पांढरे, हलके कण) किंवा जाडी रेती असं घालते. कोकोपीट दोन-तीन पाण्यांतून पिळून काढा, त्यात क्षार असतात.

नर्सरीतल्या गोळ्याकडेही बघा. बरीच रोपं आंध्रातल्या कडियमकडून ट्रकनं येतात, त्यांच्या मुळांशी बहुधा चिकट मातीचा गच्च गोळा असतो. तो तसाच भुसभुशीत मिश्रणात ठेवला तर गोळा एका वेगानं वाळतो आणि भोवतीचं मिश्रण दुसऱ्या. बाहेरची माती बोटांनी थोडी मोकळी करा. गोल गोल गुंडाळलेली मुळं असतील तर ती सोडवा. सगळा गोळा धुऊन काढू नका. आदल्या दिवशी पाणी दिलेलं असेल तर झाड कुंडीतून सहज सुटतं.

तळाला विटांच्या तुकड्यांचा थर घालायचं आता सोडून द्या. त्यानं निचरा सुधारत नाही, उलट ओली माती मुळांच्या आणखी जवळ येते. भोकावर एक खापरी पुरे. मातीची नवी कुंडी तासन्तास पाण्यात बुडवून मगच वापरा, नाहीतर सगळं पाणी तीच पिते. झाड पूर्वी जितकं खोल होतं तितकंच लावा, आणि माती अंगठ्यांनी दाबण्याऐवजी कुंडी दोन-चार वेळा जमिनीवर हलकेच आपटा.

मुहूर्त म्हणाल तर पाऊस स्थिरावल्यावर, जूनअखेरीपासून ऑगस्टपर्यंत. ते हुकलं तर फेब्रुवारी-मार्च. मेमध्ये पारा चाळीसच्या वर असताना आणि डिसेंबर-जानेवारीत रात्री तो दहा अंशांच्या आसपास उतरल्यावर झाडाला हात लावू नका. कुंडीवर चिकटपट्टी लावून तारीख लिहा, महिन्याभरानं कुणालाच आठवत नाही.

तुळशीचं मात्र वेगळं सांगते. लग्नाच्या आदल्या दिवशी वृंदावन रंगवून त्यात नवी तुळस बसवायची, आणि लग्नाच्या दिवशी ती ऊस नि चुनरीखाली मलूल उभी, हे दृश्य मी इतक्या घरांत पाहिलंय! कोजागिरीच्या सुमारास बदला. द्वादशीपर्यंत तिला जवळजवळ चार आठवडे मिळतात.